न दिसणारी जखम

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस अंगणाअंगणांतून मुलांची किल्ल्याची धांदल चालते. विटांचे तुकडे रचावयाचे, वर गोणपाट घालावयाचे, चिखल थापावयाचा आणि हळीव पेरून डोंगर हिरवा करावयाचा. मग बाजारातून मातीचे मावळे येतात. कुणाच्या हाती भाला, कुणाच्या हाती तोफेची बत्ती. लढाई संपवून घरी आलेला, ओसरीवर भिंतीला टेकून धापा टाकणारा मावळा मात्र कुंभार करीत नाही, आणि मुलांनी तो मागावा असेही नाही. त्याची आठवण ठेवणे हे वडीलधाऱ्यांचे काम. या लेखात त्याचीच हकीकत सांगावयाची आहे. लढाईत ज्याचा हात तुटला नाही, पायही शाबूत राहिला, पण श्वास गेला, अशा सैनिकाची. आणि तो श्वास सरकारच्या चाकरीतच गेला हे पटविण्यासाठी त्याला कराव्या लागणाऱ्या अर्जविनंत्यांची.

जखमी सैनिकाची वास्तपुस्त करावी ही गोष्ट आपल्याला इंग्रजांनी शिकविलेली नाही. १६५९ साली प्रतापगडाखाली अफझलखानाचा निकाल लागला, त्यानंतर शिवाजी महाराजांनी काय केले हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केले आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चाकरीत घेतले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. आणि जे जखमी झाले त्यांना जखमेच्या मानाने दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिले. पुढे पेशवाईतही लढाईत कामी आलेल्यांच्या कुटुंबांना नानपरवेशी, बालपरवेशी या नावांनी नेमणुका मिळत. राज्यासाठी देह झिजला तर त्याची भरपाई राज्याने करावयाची, हा हिशेब आपल्याकडे जुना आहे.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, आणि त्या काळी ती गृहीत धरण्यात काही चूक नव्हती. जखम डोळ्यांना दिसली पाहिजे. तलवारीचा वार किती खोल, भाला कुठे लागला, बोटे किती गेली, हे कारकुनालाही समजे आणि त्याप्रमाणे होन मोजता येत. पण पुढे युद्धाची हत्यारेच पालटली. वायू, धूर, बारीक धूळ आणि उंच पहाडावरची विरळ हवा या गोष्टी श्वासाबरोबर आत जातात आणि बाहेर ओरखडाही उमटवीत नाहीत. तेव्हा ‘जखम दाखव’ म्हणणाऱ्या दप्तरापुढे हा सैनिक काय दाखविणार? गेल्या शंभराहून अधिक वर्षांतला सैनिकांच्या अपंगत्व-पेन्शनचा इतिहास मला या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

आमचे पारोळे हे धुळे-जळगाव रस्त्यावरचे गाव. बाहेरगावच्या माणसाला ते बालाजीच्या रथामुळे आणि किल्ल्यामुळे ठाऊक असते. १७२७ साली जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी बांधलेला हा भुईकोट आणि त्याचा खंदक पाहिला की शिबंदीच्या जुन्या दिवसांची कल्पना येते. पुढे इंग्रजी अंमलात, १८२५ साली, जवळच्याच धरणगावी जेम्स आउट्रॅम याने खानदेश भिल्ल पलटण उभी केली. सातारा-कोल्हापूरकडच्यासारखी घरटी एक शिपाई अशी ख्याती आमच्या खानदेशाची नाही. तरी येथली माणसे फौजेत जात आली आहेत, आणि परत आलेल्यांपैकी कुणाकुणाच्या छातीत काही ना काही घेऊन आलेली आहेत.

या गोष्टीचा आरंभ मात्र खानदेशापासून फार दूर, बेल्जममध्ये झाला. २२ एप्रिल १९१५ रोजी संध्याकाळी ईप्र या शहराजवळ जर्मनांनी हजारो नळकांडी उघडून दीडशे टनांहून अधिक क्लोरिन वायू वाऱ्यावर सोडला. पिवळसर हिरवा ढग जमिनीलगत सरकत फ्रेंचांच्या खंदकांत उतरला. पडलेली फळी सावरण्यासाठी ज्या फौजा धाडल्या गेल्या त्यांत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन होती. २६ एप्रिलला ती चाल करून गेली, तेव्हा तिच्यावरही वायू आला. तोंडाला लावावयास काही साधन नव्हते. शिपायांनी रुमाल व पागोट्यांची टोके भिजवून नाकातोंडाशी धरली. याच डिव्हिजनबरोबर पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्स पलटणीच्या २० व २१ नंबरच्या तुकड्या होत्या, आणि या पलटणीत मराठे जवानांची भरती होत असे.

त्या दिवशीच्या एका माणसाचे नाव जगाला ठाऊक आहे. जमादार मीर दस्त हा आफ्रिदी पठाण. गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी कुणी उरले नाही तेव्हा त्याने विखुरलेली माणसे गोळा केली, तुकडी सांभाळली आणि आठ जखमी अधिकाऱ्यांना उचलून सुरक्षित जागी आणले. व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च पदक त्याला ऑगस्ट १९१५ मध्ये इंग्लंडात ब्रायटन येथे खुद्द बादशहाच्या हातून मिळाले. पण त्याच वायूने त्याची प्रकृती कायमची पोखरली. पदक छातीवर होते आणि दुखणे छातीच्या आत. पदक सर्वांना दिसत होते.

ज्यांचे हातपाय गेले त्यांच्यासाठी काही सोय लवकर झाली. १९१७ साली अपंग हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी राणी मेरीच्या नावाने मुंबईत तंत्रशाळा निघाली. ती पुढे खडकीस आली आणि आजही तेथे चालू आहे. लाकडी पाय लावून चरकावर काम करणारा शिपाई पाहिला की दात्यांचे हात आपोआप खिशाकडे जात. नुसताच खोकणाऱ्या शिपायाकडे पाहून तसे होत नसे. खोकला कुणाला येत नाही?

खुद्द इंग्लंडातही हाच पेच पडला होता. १९१९ साली तेथील कायद्याने अपंग सैनिकाला पेन्शनचा हक्क आणि नकार मिळाल्यास स्वतंत्र मंडळापुढे अपील करण्याची मुभा दिली. मात्र आपले दुखणे युद्धातून आले हे पटविण्याचा भार सैनिकावरच राहिला. त्यात १९२१ सालच्या कायद्याने मुदतही आली. सैन्यातून सुटल्यापासून सात वर्षांच्या आत मागणी केली पाहिजे. वायूने वा धुराने दुखावलेल्या फुप्फुसाला हा नियम ठाऊक नसतो. तिशीत चालणारा माणूस पंचेचाळिशीत जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसतो, आणि तोवर दप्तराचा दरवाजा बंद झालेला असतो.

हा दरवाजा दुसऱ्या महायुद्धाने उघडला. १९४३ साली, पार्लमेंटात बरीच ओरड झाल्यावर, ब्रिटिश सरकारने नियम उलटा फिरविला. यापुढे सैनिकाने सिद्ध करावयाचे नाही. दुखण्याचा सेवेशी संबंध नाही असे म्हणावयाचे असेल तर ते सरकारने दाखवून द्यावयाचे, आणि रास्त संशय उरला तर त्याचा फायदा सैनिकाला. युद्धानंतर अशा अपिलांसाठी नेमलेल्या न्यायाधीशांत डेनिंग हे होते. अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारलेल्या एका सैनिकाच्या विधवेचा पेन्शनचा तंटा १९४७ साली त्यांच्यापुढे आला. त्या निकालात पुरावा किती भक्कम असावा आणि संशय रास्त केव्हा म्हणावा याची जी फोड त्यांनी केली, ती पुढे कायद्याच्या पुस्तकांत गेली आणि आपल्याकडच्या न्यायालयांतही ती पुनःपुन्हा उद्धृत झालेली आहे. खुनाच्या खटल्यात आरोपीचा वकील ज्या विवेचनाचा आधार घेतो, ते एका सैनिकाच्या बायकोच्या पेन्शनच्या कागदांतून जन्मले, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

याच काळातली एक काळी नोंद येथे करावयास हवी. १९३० च्या सुमारापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत रावळपिंडी येथे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शेकडो हिंदी शिपायांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी कातडीवर त्याचा परिणाम गोऱ्या कातडीपेक्षा निराळा होतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. कित्येकांना भाजून रुग्णालयात पडावे लागले. ही हकीकत २००७ साली जुन्या कागदांतून जगापुढे आली, तेव्हा त्या शिपायांपैकी कोण हयात असणार आणि कोण अपील करणार? प्रयोगाची नोंद दप्तरात राहिली. माणसे आपापल्या खेड्यांत गेली.

स्वतंत्र भारताने आपले नियम केले. १९६१ च्या लष्करी पेन्शन नियमांत तत्त्व असे आहे की आजारामुळे सैन्यातून काढावे लागलेल्या जवानाचे दुखणे एक तर सेवेमुळे उद्भवलेले असावे किंवा आधीचे असले तरी सेवेमुळे बळावलेले असावे, आणि अपंगत्व निदान २० टक्के असावे. ‘उद्भवलेले’ आणि ‘बळावलेले’ या दोन शब्दांवर हजारो घरांची चूल पेटली आहे किंवा विझली आहे. १९८२ साली निघालेल्या पात्रता-नियमांनी या शब्दांना चांगला टेकू दिला. भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे धरावे. आजारपणामुळे त्याला सोडावे लागले तर प्रकृती सेवेमुळे बिघडली असे धरावे. जवानाकडे पुरावा मागू नये. संशयाचा फायदा त्याला द्यावा, आणि रणक्षेत्रात नेमणूक झालेल्यास तो अधिक सढळपणे द्यावा. १९४३ च्या इंग्रजी नियमाची ही सख्खी भावंडे शोभतात. या नियमांना जोडलेल्या याद्यांत थंडीवाऱ्याने बळावणाऱ्या रोगांची नावे आहेत, आणि त्यांत क्षय, ब्राँकायटिस, फुप्फुसाच्या आवरणाची सूज, न्यूमोनिया अशी छातीची दुखणी ओळीने दिलेली आहेत.

या याद्या करणाऱ्यांपुढे आपल्याच जवानांचा अनुभव होता. १९६२ च्या चीनच्या युद्धात सपाटीवरचे सैनिक घाईघाईने हिमालयात चढविले गेले आणि कित्येकांच्या फुप्फुसांत पाणी भरले. आमच्या लष्करी डॉक्टरांनी त्याचा कसून अभ्यास केला. इंदरसिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ हजार ते १८ हजार फुटांवर गेलेल्या १९२५ सैनिकांची पाहणी १९६९ साली अमेरिकेतील वैद्यकाच्या अग्रगण्य नियतकालिकात छापली, आणि डोंगरी आजारावरचा तो आजही मूलभूत निबंध मानला जातो. १३ एप्रिल १९८४ रोजी आपले सैन्य सियाचीनच्या हिमनदीवर गेले आणि तेव्हापासून ते तेथे ठाण मांडून आहे. साडेपाच हजार मीटर उंचीवर श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्माच असतो. तेथे बर्फात गाडलेल्या खोपीत ऊब राहावी म्हणून रॉकेलची बुखारी पेटवावी लागते, खोप घट्ट बंद करावी लागते, आणि सकाळी थुंकलेला कफ काळा असतो. आमच्या घरांतल्या वृद्ध बायकांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पळकाट्यांच्या चुलीपुढे त्यांनी जन्मभर हेच केले आहे.

वायूप्रमाणे धुराचीही जखम दिसत नाही, पण ती मोजता येत नाही असे मात्र नाही. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने श्वास मोजण्याचे यंत्र केले. आजही तपासणी त्याच तत्त्वावर चालते. छाती भरून श्वास घ्यावयाचा आणि नळीत होता नव्हता तेवढ्या जोराने फुंकावयाचा. निरोगी माणूस आपल्या श्वासाचा बहुतेक भाग पहिल्याच सेकंदात बाहेर टाकतो. पहिल्या सेकंदाचा वाटा एकूण श्वासाच्या ७० टक्क्यांखाली गेला आणि औषध ओढूनही वर आला नाही, तर नळ्या कायमच्या आखडल्या असे डॉक्टर समजतात. तेव्हा आजार किती हे यंत्र सांगते. कशामुळे, हे यंत्र सांगत नाही. आणि पेन्शन तर ‘कशामुळे’ यावरच अवलंबून असते.

येथे लष्करी मेडिकल बोर्डाचा एक शेरा येतो. दुखणे सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि बळावलेलेही नाही, असा त्याचा अर्थ. या इंग्रजी शेऱ्याची आद्याक्षरे जुळविली की ‘नाना’ असा शब्द होतो, आणि पेन्शनीच्या दुनियेत तो याच नावाने ओळखला जातो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातला वडीलधारा, अडीअडचणीला धावून येणारा. हा नाना दारातच आडवा उभा राहतो.

मला या नानाची ओळख बोरीकाठच्या एका खेड्यातल्या माजी हवालदारामुळे झाली. खेड्यात शिक्षकाकडे माणसे अर्ज लिहून घेण्यासाठी येतात, तसे ते आले. कपडे स्वच्छ, मिशी पांढरी, आणि फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वीस पावलांत दोनदा थांबावे लागले. उंच सरहद्दीवर त्यांच्या तीन नेमणुका झाल्या होत्या. फौजेने त्यांना छातीच्या जुनाट आजारामुळे सोडले आणि कागदावर नाना लिहिला. पहिल्या अपिलाचे उत्तर एका ओळीचे होते, दुसरे अपील करावयाचे होते. मी विचारले, “आबा, उत्तरात कारण दिलेले नाही?” ते हसले आणि अहिराणीत म्हणाले, “गुरुजी, गोयी लागती ते बरं व्हतं. दखाडता तरी येती.” गोळी लागली असती तर बरे झाले असते, दाखविता तरी आली असती. मग दम घेऊन त्यांनी सांगितले की पैसे लागतातच, औषधाची नळी फुकट येत नाही. पण त्यांना खरी बोचत होती ती गोष्ट निराळी होती. ‘संबंध नाही’ हे शब्द त्यांना सोसवत नव्हते. वीस वर्षांच्या चाकरीशी माझ्या छातीचा संबंध नाही, तर मग कुणाच्या छातीचा आहे, असे ते विचारीत.

आम्ही दोघांनी त्यांची पत्र्याची पेटी उपसली. तळाशी भरतीच्या वेळचा कागद सापडला. भरतीच्या मैदानावर जवानाची छाती फितीने मोजतात. ठरलेले माप तर भरावेच लागते, शिवाय श्वास भरून ती निदान पाच सेंटिमीटर फुगवून दाखवावी लागते. ती फुगली नाही तर पोराला घरी पाठवितात. म्हणजे या माणसाच्या श्वासाचे माप सरकारने स्वतःच्या फितीने घेतले, ते पुरेसे आहे असे लिहिले, आणि मगच त्याला शिपाई केले. अपिलात मी हीच गोष्ट पहिल्या परिच्छेदात लिहिली. घेताना मोजलेली वस्तू परत करताना कमी भरली, तर ती मध्यंतरी कुणाकडे होती हे पाहावे, एवढेच आमचे म्हणणे. खेड्यातल्या बाजारातसुद्धा हा न्याय चालतो.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे असते आणि ते ऐकावयास हवे. श्वासाच्या जुनाट आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण तंबाखूचा धूर आहे. बोर्डापुढे बसलेल्या डॉक्टरला जवानाच्या बोटांवरचा बिडीचा डाग दिसतो आणि त्याचे काम सोपे होते. पण पहिल्या महायुद्धात सरकारनेच शिध्याबरोबर तंबाखू वाटली होती, हे विसरता येत नाही. आणि बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसावर बुखारीचा धूर चढत नाही असेही नाही. ‘बळावलेले’ हा शब्द नियमात घातला तो अशाच दुहेरी प्रकरणांसाठी. शिवाय २०२३ साली महालेखापरीक्षकांनी आपल्या अहवालात दाखविले की निवृत्तीच्या वेळी अपंगत्वाचा लाभ मिळालेल्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच अधिक आहे. ज्याला नियम ठाऊक त्याला लाभ, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला नाना, असे तर होत नाही ना, अशी शंका हे वाचून माझ्यासारख्याला येते.

जवानांच्या बाजूने उभी राहिली ती न्यायालये. १९९३ साली एका माजी सॅपरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्रत्यक्ष तपासणाऱ्या मेडिकल बोर्डाचे मत, ज्याने रोग्याला पाहिलेदेखील नाही अशा पेन्शन-कचेरीला परस्पर बदलता येणार नाही. २००८ साली त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितले की पेन्शन नाकारणे ही दर महिन्याला नव्याने घडणारी गोष्ट असल्याने उशिराने आलेल्यालाही हाकलू नये; मात्र मागची थकबाकी साधारणतः तीन वर्षांपुरती द्यावी. इंग्लंडातल्या त्या सात वर्षांच्या मुदतीशी हे ताडून पाहावे. ऑगस्ट २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झाले. त्यापूर्वी जळगाव-धुळ्याच्या जवानाला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागे, ते काम पुढे न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे गेले. पारोळ्याहून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर. ज्याला वीस पावलांत दोनदा थांबावे लागते त्याला हे अंतर किती, ते नकाशावर कळत नाही.

मग २ जुलै २०१३ रोजी धरमवीरसिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्याचा निकाल लागला. आजार फुप्फुसाचा नव्हता, अपस्माराचा होता. परंतु प्रश्न तोच, न दिसणाऱ्या जखमेचा. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या नियमांची एकेक ओळ उलगडून सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत आला असेच धरावयाचे. बोर्डाला उलट म्हणावयाचे असेल तर त्याने कारणे लिहावयास हवीत. नुसता शेरा पुरणार नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, त्याच न्यायालयाने टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ पूर्ण मुदत भरून निवृत्त झालेल्यांनाही दिला. पन्नासाखालचे अपंगत्व पन्नास धरावयाचे, पंचाहत्तरापर्यंतचे पंचाहत्तर, त्यावरचे शंभर. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा दर धरला, तर वीस टक्केवाल्याचे सहा टक्के पंधरा होतात. हवालदाराच्या घरात हा फरक औषधाच्या नळीएवढा आणि वर दुधाएवढा असतो. एप्रिल २०२५ मध्ये सियाचीनवर नेमणूक झालेल्या एका जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्याच तत्त्वावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. त्याला सैन्यातून काढले होते १९८९ साली. मध्ये छत्तीस वर्षे गेली.

मधल्या काळात नियमही पालटले. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता-नियम निघाले. त्यानंतर आजारासह सेवा पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांसाठी अपंगत्व-पेन्शनऐवजी निराळ्या नावाची मदत ठरली. गैरवापर थांबावा हा हेतू, खऱ्या गरजूला धक्का नाही, असे सरकारने सांगितले. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यास विरोध केला. हा वाद संपला असे म्हणण्याची वेळ अजून आलेली नाही.

अमेरिकेनेही याच सुमारास आपला हिशेब तपासला. इराक व अफगाणिस्तानात तिच्या छावण्यांचा कचरा, प्लॅस्टिक, औषधे, रंग, सारे काही मोठ्या खड्ड्यांत विमानाचे तेल ओतून जाळीत असत. परत आलेले तगडे जवान तिशी-चाळिशीत धापा टाकू लागले आणि कचेरीने त्यांना विचारले, पुरावा काय? बरीच वर्षे भांडल्यावर १० ऑगस्ट २०२२ रोजी कायदा झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाने २०२० साली वारलेल्या हीथ रॉबिन्सन या सार्जंटचे नाव त्याला दिले आहे. त्या प्रदेशांत नोकरी केली आणि जुनाट ब्राँकायटिस, दमा वा त्या जातीचा आजार जडला, तर तो सेवेमुळेच असे धरून चालावयाचे. प्रत्येक सैनिकाने आपल्या खड्ड्यातला धूर वेगळा सिद्ध करावयाचा नाही. एवढ्या श्रीमंत राष्ट्रालाही हे सुचावयास दोन दशके लागली.

प्रतापगडापासून येथवर आलो तर एवढे दिसते. नियम शहाणे होत गेले. पुरावा देण्याचा भार सैनिकाच्या पाठीवरून उतरवून सरकारच्या पाठीवर ठेवावा, हे १९४३ साली इंग्लंडात ठरले, १९८२ साली आपल्याकडे लिहिले गेले, २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले. तरी कचेरीतल्या टेबलावर तो भार हळूच पुन्हा त्याच्याच पाठीवर येऊन बसतो, कारण एका ओळीचा नकार लिहावयास मिनिट लागते आणि तो पुसावयास वर्षे. म्हणून ज्यांच्या घरी फौजेतून आलेला वडीलधारा आहे त्यांनी या सुट्टीत एक काम जरूर करावे. दिवाळीच्या साफसफाईत पेटीतले जुने कागद रद्दीत जाऊ देऊ नयेत. भरतीचा वैद्यकीय कागद, कोणत्या साली कुठे नेमणूक, कोणत्या लष्करी रुग्णालयात कधी दाखल, बोर्डाचा अहवाल, अपिलाची उत्तरे, हे सारे एका पाकिटात क्रमाने लावावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ते दाखवावे. नकारात कारण दिलेले नसेल तर ते मागावे.

आबांचे दुसरे अपील गेले आहे. उत्तर अजून यावयाचे आहे. कधी ते भेटतात तेव्हा मी विचारतो आणि ते मान हलवितात. महाराजांच्या काळी होन मोजण्यापूर्वी जखम पाहत असत. आबांची जखम पाहावयाची तर त्यांना बोलू द्यावे लागते, आणि वाक्य पुरे होईपर्यंत थांबावे लागते. कारण मध्येच त्यांना दम लागतो.